किती जण?

"जेवलास का?"

आमच्या आईच्या फोनची सुरुवात आणि शेवट याच प्रश्नाने होतो. मधे हवापाणी, शेजारच्या काकूंचा गुडघा, मामेभावाचं लग्न कुठपर्यंत आलं वगैरे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी चार महिन्यांसाठी ऑनसाइट श्टुटगार्टला गेलो आणि या साध्यासरळ प्रश्नाला रोज खोटं उत्तर द्यायला लागलो. म्हणजे जेवलेलो असायचो, तेवढं खरं. पण "काय जेवलास?" "वरणभात टाकला होता." "आणि भाजी?" "फ्लॉवर." हे सगळं बिनदिक्कत ठोकून द्यायचो. प्रत्यक्षात काय, तर ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या तुर्की माणसाकडून फलाफलचा रोल घ्यायचा, खोलीवर यायचं, लॅपटॉपवर काहीतरी लावायचं आणि चांदीच्या कागदातून थेट तोंडात. ताटाचा प्रश्नच नाही, त्यामुळे घासायचाही प्रश्न नाही.

पहिले पाच आठवडे मी एकदाही हॉटेलात बसून जेवलो नाही. पैशांची अडचण नव्हती, भत्ता मिळत होता. भाषा म्हणाल तर मेनूकार्डावर बोट ठेवता येतं. खरं कारण एवढंच की एकट्याने जाऊन बसायची लाज वाटायची. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, सहा वर्षं नोकरी केलेला, प्रॉडक्शन सर्व्हर पडला तर रात्री तीन वाजता क्लायंटशी न घाबरता बोलणारा.. आणि काचेतून हॉटेलच्या आत बघायचा आणि पुढे चालायला लागायचा. दोन-तीनदा तर दारापर्यंत जाऊन, बाहेर लावलेलं मेनूकार्ड अगदी अभ्यास असल्यासारखं वाचून, मान हलवून परत फिरलोय. जणू काही पदार्थ पसंत पडले नाहीत!

तुम्ही म्हणाल, पुण्यात कधी एकटा जेवला नाहीस का? जेवलो की. शेकडो वेळा. पण आपल्याकडे एकटं जेवणं हा प्रकारच वेगळा आहे. दुपारी एक वाजता एखाद्या उडप्याकडे एकटे जाऊन बघा. वेटर तुम्हाला आख्खं टेबल देईल? नाव नको. कुठल्यातरी काकांच्या समोरच्या खुर्चीत तुम्हाला कोंबणार. काका मान वर करून बघणारही नाहीत. तुम्ही त्यांच्याकडे पाण्याचा जग सरकवणार, ते तुमच्याकडे चटणीची वाटी. एक शब्द नाही. बारा मिनिटांत ते उठणार आणि त्यांच्या जागी दुसरे काका येणार. एकटे गेलात तरी एकटेपणा परवडत नाही, एवढी गर्दी. त्यामुळे मला एकटं जेवता येत नाही ही गोष्ट मला स्वतःलाच परदेशात जाईपर्यंत कळली नव्हती. म्हणजे बग होताच, फक्त टेस्टिंगमध्ये सापडला नव्हता.

सहाव्या आठवड्यात एका शुक्रवारी म्हटलं, बस झालं. खोलीजवळ एक इटालियन हॉटेल होतं, आत मेणबत्त्या वगैरे. गेलो. वेटरने विचारलं, किती जण? मी तर्जनी वर केली. (इथे बोटं मोजायची सुरुवात अंगठ्यापासून होते. अंगठा म्हणजे एक, अंगठा आणि तर्जनी म्हणजे दोन. हे मला नंतर कळलं.) त्याने माझ्या बोटाकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग म्हणाला, "अलाइन?" म्हणजे एकटेच? इतकं सरळ कोणी विचारायची गरज होती का?

टेबल दोघांचं होतं. मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसलो, म्हणजे मला कोणी दिसणार नाही आणि मग अर्थातच मीही कोणाला दिसणार नाही. लहान मुलं डोळे मिटून लपतात ना, तसं. आणि मग तो वेटर आला आणि समोरची दुसरी प्लेट, दुसरा काटा, दुसरी सुरी, दुसरा ग्लास, घडी केलेला दुसरा रुमाल, सगळं एकेक करून उचलायला लागला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, टेबलावर जागा करत होता बिचारा. पण ते उचलायला त्याला जी वीस-तीस सेकंदं लागली ती मला अजून आठवतात. काटा ग्लासला लागून किणकिण असा आवाजही झाला. मला वाटलं आख्ख्या हॉटेलने वळून बघितलं.

पुढचा पाऊण तास मी मोबाइल बघितला. मेल तपासली. तपासलेली मेल परत तपासली. टीममधल्या एकाला कारण नसताना 'त्या टिकेटचं काय झालं?' असा मेसेज केला. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, त्याने काय समजायचं ते समजलं असेल. पास्ता कसा होता ते विचारू नका. मला आठवत नाही. साधं पाणी मागितलं तर बुडबुडेवालं आलं आणि त्याचे पैसे जवळजवळ बिअरएवढे लागले, हे मात्र पक्कं आठवतं.

रात्री झोप येईना म्हणून या विषयावर वाचत बसलो. (इंजिनियर माणसाला लाज वाटली तरी तो तिच्यावर वाचतो.) अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. प्रयोग असा: एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावायचा. तरुण पोरांच्या लेखी हा गायक म्हणजे अगदी ओशाळवाणी निवड. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं, थोड्या वेळाने बाहेर बोलवायचं आणि विचारायचं, तुझ्या टीशर्टावर कोण होतं हे किती जण सांगू शकतील? टीशर्टवाल्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात सांगू शकले पावभरच. सगळा प्रकाशझोत आपल्यावरच आहे असं माणसाला उगाच वाटतं, हा त्यातला निष्कर्ष.

वाचून जरा बरं वाटलं. पण मग हिशेब केला. पाव म्हणजे काही शून्य नव्हे. त्या हॉटेलात वीस टेबलं तरी भरलेली असतील, म्हणजे पाच टेबलांनी बघितलंच की! परत फलाफल सुरू.

मग आला नोव्हेंबरमधला तो रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. म्हणजे खरोखर बंद, आपल्याकडे एक ते चार बंद असतं तसं नाही. रविवारच्या विश्रांतीचं कलम १९१९ च्या वायमार घटनेत होतं आणि ते आजच्या घटनेतही तसंच ठेवलेलं आहे. पेट्रोल पंप आणि मोठ्या स्टेशनवरची दुकानं तेवढी उघडी. शनिवारी मी डिप्लॉयमेंटच्या नादात खरेदी विसरलो होतो. सकाळी फ्रीज उघडला तर अर्धा कांदा, जॅम आणि दूध. तिन्हींची मिळून काही पाककृती सुचेना.

ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने मागे एकदा सांगितलं होतं की शहराच्या कडेला द्राक्षमळे आहेत, तिथे जा, आणि एखाद्या दारावर झाडू लटकवलेला दिसला तर आत शीर. मला वाटलं चेष्टा करतोय. पण तसं खरंच आहे. त्याला 'बेझन' म्हणतात, बेझन म्हणजे झाडूच. (बेसनाशी संबंध नाही, मीही तपासलं.) द्राक्षं पिकवून स्वतः वाइन करणारा शेतकरी वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आपल्या घरात असं खाणंपिणं चालवू शकतो. जागा चाळीसच्या वर नाही, वाइन फक्त स्वतःची, आणि पदार्थ साधे. सुरू आहे हे कळावं म्हणून दाराला झाडू. आमच्याकडे दाराशी झाडू उभा दिसला तर आजी ओरडायची, इथे ते आमंत्रण.

एस-वन लोकल पकडली, ओबरट्युर्कहाइमला उतरलो आणि चढ चढून उलबाखपर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या रांगा, पानं पिवळी पडलेली, गार वारा. आणि मोबाइल बघितला तर अकरा टक्के बॅटरी! पॉवर बँक खोलीवर. आता इथे एक तांत्रिक अडचण. माझं प्रवासाचं तिकीट मोबाइलमध्ये होतं, मे २०२३ मध्ये सुरू झालेला तो देशभर चालणारा महिन्याचा पास, तेव्हा ४९ युरोंचा. मोबाइल मेला की मी फुकट्या प्रवासी. त्यामुळे तो बंद करून खिशात ठेवला, आणि नेमका तेव्हाच झाडू दिसला. रंगीत फिती बांधलेला.

दार उघडलं तर आत ही गर्दी. बुटकं छत, लाकडी बाकं, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, कांदा परतल्याचा वास. दाराशी चौघांचं एक कुटुंब जागेसाठी थांबलेलं. आता यांच्यामागे उभं राहायचं आणि मग सगळ्यांसमोर 'अलाइन' म्हणायचं, या विचाराने मी मागे वळलोच होतो, तेवढ्यात हातात चार ग्लास घेतलेल्या बाईंनी लांबूनच ओरडून विचारलं, किती जण? या वेळी मी अंगठा वर केला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "एक? एक आहे!" आणि त्या चौघांना ओलांडून मला घेऊन गेल्या. चार जागा कुठे मिळणार? एक मात्र होती. आयुष्यात पहिल्यांदा एकटा असल्यामुळे माझा नंबर आधी लागला.

ती जागा म्हणजे चार म्हाताऱ्या माणसांच्या बाकाचं टोक. एक जोडपं आणि दोन आजोबा. इथे बसताना विचारायचं वाक्य मला ऑफिसच्या जर्मनच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, ते म्हटलं: "इस्ट हिअर नोख फ्राय?" फ्राय म्हणजे मोकळी. (क्लासमध्ये हा शब्द आला की मला दर वेळी बोंबीलच आठवायचे.) आजोबा "हो हो" म्हणत इंचभर सरकले, सगळा बाक इंचभर सरकला, आणि मी बसलो. झालं. नंतर वीस-पंचवीस मिनिटं कोणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही.

आणि तुम्हाला सांगतो, तेच मला फार आवडलं. ते आपापसात श्वेबिश बोलीत बोलत होते, म्हणजे माझ्या मोडक्या जर्मनचाही उपयोग नाही. मधेच हसायचे. आजींनी पावाची टोपली माझ्याकडे सरकवली, माझ्याकडे न बघता. तो उडप्याकडचा पाण्याचा जग! अगदी तोच.

मी मागवलं होतं केझश्पेत्सले. श्पेत्सले म्हणजे मैदा आणि अंड्याचं सैलसर पीठ लाकडी फळीवरून सुरीने उकळत्या पाण्यात पाडत जायचं. शेवया आणि चकोल्या यांच्या मधलं काहीतरी होतं. ते चीजमध्ये घोळवायचं आणि वर खमंग तळलेला कांदा. सोबत एक 'फिअरटेले', म्हणजे दांडीवाल्या जाड ग्लासमध्ये पाव लिटर ट्रोलिंगर नावाची तांबडी वाइन. (आई, वाचत असशील तर तो द्राक्षाचा रस होता.) मोबाइल खिशात बंद, त्यामुळे हातांना दुसरं काही काम नव्हतं. जेवलो. नुसता जेवलो. कांद्याचे काही तुकडे कडेला जळून कडू झाले होते, चीजची लांब तार तुटत नव्हती, वाइन अपेक्षेपेक्षा हलकी होती. पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला मी काय खाल्लं ते माहीत होतं.

शेजारच्या आजोबांनी शेवटी न राहवून इंग्रजीत विचारलं, कुठून? पुण्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मुंबईच्या जवळ म्हटल्यावर खूश झाले, म्हणाले, मुंबई आमच्या शहराची बहीण आहे. मी घरी आल्यावर बघितलं, खरंच आहे, श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. इतकी वर्षं मुंबईला येतोजातोय, मला पत्ता नाही. मग त्यांनी स्वतःच्या ताटातली माउलटाशन दाखवली, मोठ्या चौकोनी करंज्यांसारखी, आत खिमा आणि पालक. दंतकथा अशी की माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत मांस खाता यावं म्हणून ते पिठाच्या आत लपवलं, वरून देवाला दिसायला नको! त्यामुळे तिचं बोलीतलं नावच 'देवाला गंडवणारी' अशा अर्थाचं आहे. मी त्यांना आपली 'एकादशी आणि दुप्पट खाशी' समजावून सांगायचा प्रयत्न केला. साबुदाणा म्हणजे काय इथेच गाडी अडली. आजींना मात्र मुद्दा कळला असावा, कारण त्या आजोबांच्या पोटाकडे बघून हसल्या.

उठायची वेळ झाली. बाई कमरेचं मोठं चामडी पाकीट उघडून टेबलाशी आल्या आणि सगळ्यांकडे बघत नेहमीचा प्रश्न विचारला: "त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?" एकत्र की वेगवेगळं? सगळ्यांकडे बघत म्हणजे माझ्याकडेसुद्धा. त्यांच्या लेखी आम्ही पाच जण होतो. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि मी घाईघाईने "गेट्रेन्ट, गेट्रेन्ट" म्हटलं. बिल वेगळंच झालं. साडेपंधरा युरो, मी सतरा दिले.

यानंतर मी एकदम सराईत वगैरे झालो असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात एका थाई हॉटेलात गेलो आणि पुन्हा तेच, समोरची प्लेट उचलली गेली, मी मोबाइल काढला. फरक इतकाच की पदार्थाचं नाव लक्षात राहिलं. पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलंय.

खोलीवर आलो, मोबाइल चार्जिंगला लावला आणि घरी फोन केला. तिकडे रात्रीचे नऊ. फोन बाबांनी उचलला. बाबा फोनवर बोलत नाहीत. "जेवलास? बरं, आईला देतो," एवढाच त्यांचा कार्यक्रम. मी म्हटलं, "थांबा हो बाबा. लातूरला असताना तुम्ही कुठे जेवायचात?"

मी तिसरी ते सहावीत होतो तेव्हा बाबांची बँकेतून लातूरला बदली झाली होती. माझी शाळा, आजीचं आजारपण, म्हणून आम्ही पुण्यातच राहिलो. दर पंधरा दिवसांनी ते रात्रभराचा एसटीचा प्रवास करून यायचे आणि रविवारी रात्री परत जायचे. येताना माझ्यासाठी काहीतरी खाऊ. साडेतीन वर्षं. त्या साडेतीन वर्षांत हा माणूस रोज दोन वेळा कुठेतरी बसून एकटा जेवत होता, हा विचार माझ्या डोक्यात त्या दिवशीपर्यंत एकदाही आला नव्हता.

"खानावळ होती," बाबा म्हणाले. "का रे?"

"असंच. एकटेच बसायचात का?"

"मग आणखी कोण? भिंतीला फळी मारली होती लांबलचक, सगळे भिंतीकडे तोंड करून. पटापटा जेवायचं आणि उठायचं. बरी होती. आमटी पातळ असायची." मग जरा थांबून, "रविवारी रात्री बंद असायची. मग मी स्टँडवर जायचो."

"कँटीनमध्ये?"

"हं. वडापाव, चहा. पुण्याची गाडी लागलेली असायची फलाटाला. ती सुटली की खोलीवर यायचो."

मी काय बोलणार? "कशाला?" असं विचारावंसं वाटलं आणि विचारलं नाही. बाबांनाही जरा जास्त बोलून गेल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच, "आईला देतो," म्हणून फोन दिला.

"काय रे, काय विचारत होतास त्यांना? जेवलास का?"

"जेवलो. हॉटेलात गेलो होतो. शेवयांसारखं असतं एक, चीज घालून."

"एकटाच?"

"नाही, पाच जण होतो."

"अस्सं," आई म्हणाली. "मग फ्लॉवर संपला वाटतं."